सोलापूर: जे आले त्यांचं गाव

आयोजकांनी 'माझं शहर' हा विषय सुचवला तेव्हा मी लगेच होकार दिला. सोलापूरबद्दल सोलापूरच्या बाहेर मनसोक्त बोलायला फारसं कुणी बोलावत नाही. लोक चादरीबद्दल विचारतात, उन्हाबद्दल विचारतात आणि तिथेच थांबतात. ऊन आहेच. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, हे सांगून मी तो विषय संपवतो. मला सांगायचंय ते वेगळं आहे. सोलापूर हे पोटासाठी आलेल्या माणसांनी उभं केलेलं शहर आहे. आमची बोली, आमचे सण, आमचं जेवण, १९३० साली आमच्याकडे जे घडलं ते, हे सगळं या कष्टकरी वस्तीतून आलेलं आहे.

मी वाढलो तो शहराचा पूर्व भाग. तिथे शेजारच्या तेलुगू आजी माझ्या आईशी मराठीत बोलायच्या, सुनेवर तेलुगूत रागवायच्या आणि भाजीवाल्या बाईशी कन्नडमध्ये घासाघीस करायच्या. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांची दखनी उर्दू आम्हा पोरांना न शिकता यायची. शाळेत बाईंनी 'मातृभाषा कोणती' असं विचारलं की वर्गात चार-पाच उत्तरं यायची आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. आमच्या मराठीवर या सगळ्यांचे संस्कार आहेत. मित्र भेटला की पहिला प्रश्न, 'काय करूलालास बे?' पुण्यात हे ऐकून लोक दचकतात, पण सोलापुरात इतक्या आपुलकीनं दुसरं काही विचारता येत नाही. लक्ष्मीनारायण बोल्लींसारखा लेखक तेलुगू घरात जन्मतो आणि मराठीत कविता लिहितो, तो अशाच गावात.

ही माणसं आली कशी? १८६० साली मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली. आजूबाजूला कापूस होता, स्वस्त मजूर होते, आता बाजारपेठही जवळ आली. १८७०च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. गावानं तिला पुढे 'जुनी मिल' म्हटलं, कारण तिच्यामागून आणखी मिली आल्या. त्याच दशकात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. खेड्यातली माणसं मिलच्या दाराशी येऊन उभी राहिली. निजामाच्या राज्यातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. ते येताना हातमागाची विद्या घेऊन आले. त्यांनी घरातच माग टाकले, पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. पूर्व भागात आजही गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी मागाचा खडखडाट ऐकू येतो. बाहेरच्या माणसाला अर्ध्या तासात डोकं दुखेल. आमची पोरं त्या आवाजात अभ्यास करतात, झोपतात. वीज गेली आणि माग बंद पडले की मात्र दचकून जागी होतात.

सोलापुरी चादर कशी विणतात ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? एकदा जरूर बघा. मागाच्या वर जॅकार्डचा सांगाडा असतो आणि त्यावरून पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ फिरत असते. प्रत्येक पुठ्ठ्याला भोकं पाडलेली असतात. एक पुठ्ठा पुढे सरकतो, जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते, तिच्याशी जोडलेला हूक उभे धागे वर उचलतो. जिथे भोक नाही तिथले धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा सपकन निघून जातो, एक आडवा धागा पडतो, आणि पुढचा पुठ्ठा येतो. मोर असो, कमळ असो, नाहीतर कडेची वेल असो, ते सगळं आधी कुणीतरी आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढलेलं असतं आणि मग त्या भोकांमध्ये उतरवलेलं असतं. चादर उलटी केली तर तीच नक्षी मागेही असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. म्हणून सोलापुरी चादरीला उलट बाजू नसते. मागावरचा कामगार एकाच वेळी दोन-तीन माग सांभाळतो. धागा तुटला की त्याला दिसायच्या आधी आवाजातला फरक कळतो. हात पुढे जातो, गाठ बसते, माग पुन्हा सुरू. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी थांबून पाहतो.

त्याच घरात बायका बिड्या वळत असतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, तंबाखूची चिमूट, एक वळसा, टोकं मुडपायची, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार बिड्यांचा हिशेब. कारखान्यात माल तपासला जातो आणि त्यातली छाट बाजूला निघते, त्या बिड्यांची मजुरी जाते. या बायकांच्या कमाईवर किती घरांतली शिक्षणं झाली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, पण पूर्व भागातल्या कोणत्याही डॉक्टरला, वकिलाला, प्राध्यापकाला विचारा, त्याची आई किंवा आजी सूप घेऊन बसलेली असते. याच बायकांनी घरांसाठी लढा दिला. माकपचे नेते कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरमध्ये तीस हजार घरांची योजना झाली आणि तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. बिडी वळणारी बाई स्वतःच्या घराच्या कागदावर सही करते. मला या गोष्टीचा सोलापूरच्या कुठल्याही वास्तूपेक्षा जास्त अभिमान वाटतो. भुईकोट किल्ला सुंदर आहे, इंद्रभुवनाची इमारतही देखणी आहे, ती तुम्ही आलात की बघालच.

आता १९३०. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांमधले कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर जमाव इतका पेटला की इंग्रज अधिकारी मागे हटले आणि काही दिवस शहरात त्यांची सत्ता चालेनाशी झाली. त्या दिवसांत स्वयंसेवकांनी गावाची व्यवस्था पाहिली. १२ मेला सरकारनं मार्शल लॉ पुकारला, म्हणजे शहर लष्कराच्या हाती दिलं, आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. पुढे दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा.

ही चार नावं सलग म्हणून बघा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. ही निवड कुणी ठरवून केलेली नव्हती. सोलापूरच्या रस्त्यावर त्या दिवशी जो उभा होता तो असाच होता. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतला, कामगारांत काम करणारा, 'गझनफर' नावाचं साप्ताहिक चालवणारा. चौघांचे पुतळे शहराच्या मध्यभागी एकत्र उभे आहेत, आणि पत्ता सांगताना आम्ही 'चार पुतळ्यांजवळ' असं सहज म्हणतो. पुण्याहून जी हुतात्मा एक्सप्रेस सुटते तिचं नाव या चौघांवरून आहे. रोज कित्येकजण तिच्यात चढतात. त्यांतल्या निम्म्या तरुणांना ते माहीत असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसही इथलेच, १९१०चा जन्म. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. उद्योगपती वालचंद हिराचंद इथलेच, शाहीर राम जोशी इथलेच. ही नावं सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही.

ज्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय सोलापूरचा माणूस व्यासपीठावरून उतरूच शकत नाही, त्या सिद्धेश्वराकडे येतो. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, बसवण्णांचे समकालीन. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची पहिली ओळखही श्रमाचीच. दंतकथा अशी की एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला. तो विवाह सोलापूर दरवर्षी संक्रांतीला नव्यानं लावतं.

१३ जानेवारीला नंदीध्वज निघतात, एकूण सात. तीसेक फूट उंच काठी, ती एका माणसानं कमरेच्या आधारावर पेलायची. पोरं त्यासाठी आधीचे कित्येक आठवडे रात्री सराव करतात. पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक मागेपुढे चालत असतात. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर उठला की अंगावर काटा येतो. शहरभरच्या अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक घालत, म्हणजे यण्णीमज्जन करत, मिरवणूक फिरते. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, त्यांत मातंग समाजही आहे. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. संमतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन सुरू असतं, लोक मूठ घट्ट धरून उभे असतात, आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' हे शब्द कानी पडले की चहूकडून तांदूळ उधळले जातात. त्या गर्दीत कोण कुठल्या भाषेतला, कुठल्या जातीचा, हे कुणाला विचारायचं सुचत नाही. पुढे होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, शोभेचं दारूकाम होतं, पाळणे फिरतात आणि शहराला कामाचा विसर पडतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तो पद्मशालींचा मोठा दिवस. त्या दिवशी पूर्व भागातले माग थांबलेले असतात.

जेवणाबद्दल दोनच शब्द. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी हे कामगाराचं जेवण. भाकरी पातळ थापून चुलीवर इतकी वाळवायची की ती आठवडे-महिने टिकते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ उखळात कुटायचं, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये फिरवली तर तिचा कूट होतो, चटणी होत नाही, यावर सगळ्या सोलापूरचं एकमत आहे. हे दोन्ही पदार्थ गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या पिशवीत असतात.

आणि पोरं जातात, हे मी लपवणार नाही. १९६३ साली जुनी मिल बंद पडली. पुढच्या काही दशकांत बाकीच्याही गेल्या. ज्या भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची ते गप्प झाले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी 'सोलापुरी' म्हणून दुसरीकडे विणलेल्या चादरी बाजारात सर्रास विकल्या जातात, आणि खऱ्या मागवाल्याला भावात त्यांच्याशी झुंजावं लागतं. पाण्याचंही तसंच. उजनी धरण १९८०मध्ये झालं, भीमा जिल्ह्यातून वाहते, पण शहरातल्या बाईला नळाला पाणी कधी येणार याचं वेळापत्रक पाठ ठेवावं लागतं, कारण ते रोज येत नाही. ही गोष्ट सहनशीलतेनं स्वीकारायची नाही, असं मला वाटतं. माग चालवणाऱ्या माणसाला पाणी भरण्यासाठी रात्र जागवायला लावणं हा अन्याय आहे, आणि तो सोलापूरकरांनी मोठ्या आवाजात सांगितला पाहिजे.

तरीही गाव थांबलेलं नाही. टॉवेल परदेशी जातात. शाळेच्या गणवेशांचा मोठा व्यवसाय उभा राहिलाय, विणकरांचीच मुलं त्यात शिरली आहेत. २००४ पासून आमचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, एका जिल्ह्याचं, त्यामुळे पोरींना पदवीसाठी घर सोडावं लागत नाही. पुण्याला गेलेली पोरं संक्रांतीला रजा टाकून परत येतात, बाराबंदी चढवतात आणि नंदीध्वजाखाली आपली जागा घेतात.

पुढच्या जानेवारीत या. १३ तारखेला सकाळी लवकर पोचा, तलावाजवळ थांबा, पायात साध्या चपला ठेवा कारण दिवसभर चालायचं आहे. १४ला अक्षतेच्या वेळेआधी दोन तास संमती कट्ट्यावर जागा धरा, तांदूळ तिथे कुणीही देईल. १५ला मी तुम्हाला पूर्व भागात माग बघायला नेईन. जेवण घरीच, कडक भाकरी वाळवायला आईनं सांगून ठेवलेलं असेल.