बोटाच्या सांध्यातले लाल ठिपके

(दृश्य: अर्धवट अंधारी खोली. सोनोग्राफीचा पडदा. टेबलावर पालथा ठेवलेला एका बाईंचा हात.)

मूठ वळली की बोटाच्या मुळाशी जो उंचवटा येतो, त्या सांध्यावर जेलचा चांगला जाड थर आहे. त्यावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. थोडा जरी जोर पडला तरी आतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, पडद्यावरचा रंग गायब होतो आणि आजार असून रिपोर्ट 'नॉर्मल' येतो.

आत्ता रंग आहे. राखाडी पट्ट्यात नारिंगी-लाल ठिपके लुकलुकतायत. सोनोग्राफीच्या या प्रकाराला पॉवर डॉप्लर म्हणतात. वाहतं रक्त तेवढं तो रंगवतो. निरोगी सांध्याच्या अस्तरात रंगण्याइतकं रक्त सहसा नसतंच. रुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पुढे हेच अस्तर शेजारचं हाड कुरतडायला लागतं. डॉक्टर या रंगाला शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. अर्ध्याहून जास्त अस्तर रंगलं, तर तीन.

(दृश्य: लंडन. चेरिंग क्रॉस हॉस्पिटलची इमारत.)

साल १९९२. संधिवातावर संशोधन करणाऱ्या केनेडी इन्स्टिट्यूटमधले मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी. सुजलेल्या सांध्यात दाह भडकवणारे रेणू ढिगाने सापडतात, पण त्यातल्या टीएनएफ या एकाला अडवलं की बाकीचेही थंडावतील, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला हे जरा अतीच वाटत होतं. त्यांनी वीस रुग्णांना टीएनएफला धरून ठेवणारी अँटिबॉडी शिरेतून दिली. सूज उतरली, सकाळचं आखडणं कमी झालं. तेच औषध पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने आलं.

बरं वाटलं हे खरं, पण हाड वाचलं का? ते रुग्णाला विचारून कळत नाही.

(दृश्य: प्रकाशपेटीवर हाताचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी.)

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४२८ रुग्ण होते. सगळे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध घेणारे. काहींना जोडीला इन्फ्लिक्सिमॅब, काहींना तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतं सलाइन. हातापायांचे एक्स-रे काढून, एकेक सांधा बघून झिजेचे गुण मांडले. ५४ आठवड्यांनी नुसत्या मेथोट्रेक्सेटवाल्यांचे गुण सरासरी ७ ने वाढले होते, इन्फ्लिक्सिमॅबवाल्यांचे ०.६ ने. गंमत पुढेच आहे. नवं औषध घेऊनही ज्यांचं दुखणं फारसं हललं नव्हतं, त्यांच्याही हाडांची झीज बरीचशी थांबली होती. रुग्ण म्हणतोय काही फरक नाही, एक्स-रे म्हणतोय आहे.

मात्र एक्स-रेवर दिसतं ते होऊन गेलेलं नुकसान, आणि ते दिसायला महिनोन् महिने जातात. केनेडीच्याच गटाने २००४ मध्ये २४ रुग्णांवर पॉवर डॉप्लर वापरून पाहिलं. अठराव्या आठवड्यातच, इन्फ्लिक्सिमॅब मिळालेल्यांच्या सांध्यातला रंग जवळजवळ पुसला गेला होता.

आता उलटी बाजू. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी, आजार पूर्ण आटोक्यात आहे असं ठरलेले रुग्ण पुन्हा तपासले. हाताला सूज लागत नव्हती, पण सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये बहुतेकांचं अस्तर अजून सुजलेलंच होतं. मग सरळ हिशेब असा झाला, की चित्र साफ होईपर्यंत औषध वाढवत न्यायचं.

(दृश्य: ऑस्लो, बर्फाने भरलेला रस्ता. डायाकोनयेमेट हॉस्पिटल.)

नॉर्वेने हा हिशेब तपासला. २३८ नवे रुग्ण, दोन वर्षं. निम्म्यांचं औषध डॉक्टरांच्या हाताच्या तपासणीवर ठरलं, निम्म्यांचं सोनोग्राफीही बघून. सूज नाही, आजार शांत आणि एक्स-रेत नवी झीज नाही, हे तिन्ही साधलेले रुग्ण सोनोग्राफीवाल्यांत २२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १९. सांख्यिकीच्या दृष्टीने हा फरक म्हणजे फरकच नव्हे. महागडी औषधं मात्र सोनोग्राफीच्या गटात जास्त गेली.

डेन्मार्कमध्ये तर याहून वाईट झालं. २०१९ साली निकाल आले. आजार शांत असलेले २०० रुग्ण. शंभरांचं औषध एमआरआयमध्ये हाडातली सूज दिसली की वाढवलं. दोन वर्षांनी आजार शांत असलेले ८५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ८८. आणि गंभीर दुष्परिणाम? एमआरआयच्या गटात १७ जणांना, दुसऱ्यात सहा. ठिपका पुसायच्या नादात माणसाला औषध जास्त झालं, असाच याचा अर्थ आम्हाला दिसतो.

म्हणून यंत्र गुंडाळून ठेवायचं असं नाही. अंगभर दुखणारे, पण सांध्यात दाह नसलेले रुग्ण असतात. त्यांना 'दुखतंय' म्हणून इंजेक्शन वाढवायला निघालेल्या डॉक्टरला कोरा पडदा थांबवतो. जुन्या, वाकड्या झालेल्या सांध्यात सूज आहे की नुसतं जाड झालेलं हाड, हे बोटांना कळत नाही, तिथेही प्रोबचा उपयोग होतो. सांध्यात सुई नेमकी घालायची असेल तर होतोच.

(दृश्य: एक्स-रे विभागाबाहेरचा बाक. फाइल मांडीवर घेऊन बसलेली माणसं.)

भारतात टीएनएफ अडवणारं औषध सुरू करण्याआधी बोटांइतकाच छातीचा फोटो महत्त्वाचा. टीबीचे जंतू वर्षानुवर्षं फुफ्फुसात निपचित पडून राहू शकतात. त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण असतं आणि ते टिकवायला टीएनएफच लागतो. तोच अडवला की कुंपण ढासळतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर उसळलेल्या टीबीचे ७० रुग्ण एकत्र नोंदले गेले, आणि तेव्हापासून ही तपासणी रूढ झाली. छातीचा एक्स-रे, सोबत झोपलेला टीबी शोधणारी कातडीवरची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा चाचणी. झोपलेला टीबी सापडलाच तर आधी त्याच्या गोळ्या सुरू होतात आणि पहिलं इंजेक्शन निदान महिनाभर पुढे जातं.