कर्सनीझ: पेनिन्सुलाचा हा भाऊ कुठं वापरायचा, कुठं नाही

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सारखी तीच विचारणा, सर इंग्रजीत पेनिन्सुलाला, म्हणजे द्वीपकल्पाला, दुसरा भारी शब्द आहे म्हणे, सांगा की. आहे. कर्सनीझ. स्पेलिंग सी-एचनं सुरू होतं पण केमिस्ट्रीसारखा क म्हणायचा, 'चेर्सोनीज' करू नका. मूळ ग्रीक, खेर्सोस म्हणजे कोरडी जमीन, नेसोस म्हणजे बेट. द्वीपकल्प काय असतं ते शाळेतलं पोरगंपण सांगतंय, तीन बाजूंनी पाणी, झालं, पुढं चला.

आता गोची. अर्थ तोच, म्हणून पेनिन्सुला खोडून तिथं कर्सनीझ टाकायचा का? नाही! हा शब्द जुन्या नकाशातल्या नावांना चिकटून आलेला आहे. गोल्डन कर्सनीझ म्हणजे मलाय द्वीपकल्प, दुसऱ्या शतकात टॉलेमीनं भूगोल लिहिला त्यात ते नाव आहे. टॉरिक कर्सनीझ म्हणजे क्रिमिया, सिम्ब्रियन म्हणजे डेन्मार्कवालं जटलंड. आणि ग्रीक इतिहासात नुसतं 'द कर्सनीझ' दिसलं, सी कॅपिटल, तर बहुतेक वेळा थ्रेसचं, म्हणजे आत्ताचं तुर्कस्तानातलं गॅलिपोली, जिथं १९१५ ला ती मोठी लढाई झाली.

तरी एकानं निबंधाचा फोटो पाठवला, 'इंडिया इज अ कर्सनीझ'. डिक्शनरी काढली तर चूक म्हणता येणार नाही, पण तपासणारा तिथंच अडकणार की राव, मार्क पाडायचेत का डोकं फिरवायचंय त्याचं? सरळ पेनिन्सुला लिही. रीलवाल्यांनो, तुम्हीपण, गोव्याच्या फोटोखाली कर्सनीझ लिहून कोण इम्प्रेस होत नाही, लोक म्हणतात हॉटेलचं नाव असंल. जुना इतिहास, जुनी कविता, तिथं चालतो, लई शोभतो. तलाठीच्या पेपरात पेनिन्सुला. हे मी तिसऱ्यांदा बोललो ना? बोलणारच, कारण कमेंट वाचतच नाही कुणी.

एक ताई विचारतात, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथली जमीन कर्सनीझ का? नाही हो ताई, दोन नद्यांच्या मधला तो कोपरा, पाणी दोनच बाजूंना.

बातम्यात ते युक्रेनचं खेर्सोन ऐकलं असंल, तेपण ह्याच घराण्यातलं, क्रिमियातल्या खेर्सोनेसोस ह्या जुन्या ग्रीक वसाहतीवरनं ठेवलेलं नाव.

आणि 'बायलँड' विचारणारा भाऊ, हो, त्याचा अर्थपण द्वीपकल्पच, पण तो शब्द इंग्रजांनीच कधीचा टाकून दिलाय, तू कशाला उचलतोयस?