एसी कधी थंड, कधी नुसता वारा? मेकॅनिक यायच्या आधी हे बघून ठेवा

नमस्कार मंडळी!

मार्च सरला की सोलापुरात एक तक्रार घराघरांतून ऐकू येते. "एसी चालू आहे, वारा येतोय, पण थंड कधी होतो, कधी होत नाही." आणि त्याला जोडून हमखास येणारं दुसरं वाक्य, "मेकॅनिक आला तेव्हा मात्र एकदम चांगला चालत होता."

खरी अडचण या दुसऱ्या वाक्यात आहे. पूर्ण बंद पडलेल्या एसीचा बिघाड सापडतो. अधूनमधून दगा देणाऱ्या एसीचा लवकर सापडत नाही, कारण मेकॅनिक येतो सकाळी अकराला आणि एसी कट होतो दुपारी तीनला. मग काम अंदाजावर चालतं, अंदाज बहुतेक वेळा गॅसवर जातो, पैसे भरले जातात आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

म्हणून आज माझं सांगणं एकच आहे. गारवा थांबतो त्या वेळी उठा आणि चार गोष्टी बघून कागदावर लिहा. किती वाजलेत. आतल्या युनिटमधून वारा येतोय का आणि नेहमीइतका येतोय का. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का. आणि बाहेरच्या युनिटमध्ये गॅस दाबून फिरवणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, त्याची ती घरघर ऐकू येतेय का. दोन-तीन दिवस हे केलंत तर बिघाड कुठे आहे याचा निम्मा उलगडा घरीच होतो. स्क्रू ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.

(रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून)

आधी बिघाड नसलेली बाजू बघू, कारण कितीतरी एसी विनाकारण उघडले जातात. तुमचा एसी साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला असेल, तर खोली ठरवलेल्या तापमानाला आली की कॉम्प्रेसर बंद होतो आणि आतला पंखा फिरत राहतो. थोडी उष्णता वाढली की तो परत सुरू होतो. मधली काही मिनिटं नुसता वारा येणार, ते त्याचं कामच आहे. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरूही होत नाही, साधारण ३ मिनिटं थांबतो. आतल्या वायूचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. म्हणून बटण सारखं बंद-चालू करू नका, दर वेळी ती ३ मिनिटं नव्याने मोजली जातात. इन्व्हर्टर एसी सहसा पूर्ण बंद होत नाही, मंदावतो.

रिमोटवर बर्फाच्या फुलाचं चिन्ह आहे ना, ते बघा. पाण्याचा थेंब दिसत असेल तर एसी ड्राय मोडवर आहे, म्हणजे मुख्यतः हवेतली ओल काढतोय. इको किंवा स्लीप लागलं असेल तर तो हळूहळू तापमान वाढवत नेतो. रात्री दोनला घाम फुटून जाग येते ती कित्येकदा यामुळे. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवलेलं असतं, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर काही मॉडेल तिथे परत जातात.

आणखी एक गोष्ट. काही रिमोटमध्येच तापमानाचा सेन्सर असतो, "आय फील" किंवा "फॉलो मी" नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर एसी रिमोटजवळची हवा मोजतो. रिमोट एसीच्या झोतात पडला असेल तर एसीला वाटतं खोली गार झाली. पडद्याच्या मागे, तापलेल्या खिडकीत असेल तर तो थांबतच नाही. ते बटण बंद करून एक दिवस बघा.

एवढं ठीक असेल, तर मग घड्याळ बघायचं.

दुपारी दोन ते पाच या वेळेत गारवा जातो आणि रात्री नऊनंतर एसी छान चालतो, असं तुमच्या कागदावर दिसतंय? मग बाहेरच्या युनिटकडे चला. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात तापलेल्या पत्र्याजवळ टांगलेल्या युनिटभोवतीची हवा त्याहूनही गरम असते. खोलीतली उष्णता बाहेर फेकायची, ती या असल्या हवेत. त्यात कॉइल, म्हणजे पातळ पत्रे बसवलेल्या गॅसच्या नळ्या, घाण असेल तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचं ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला बंद पाडतं. निवायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ जातो. मग आपोआप सुरू. याची खूण अगदी स्पष्ट आहे. आत वारा आहे, बाहेरचा पंखा फिरतोय आणि कॉम्प्रेसर गप्प आहे.

(बाहेरच्या युनिटच्या मागच्या बाजूला कॅमेरा)

हे बघा, ही मागची बाजू. इथे राखाडी रंगाची गादी बसलेली दिसते का? आपलं गाव चादरींचं, टॉवेलचं. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या बाजूला यंत्रमाग चालतात, आणि सुताचा तो बारीक तंतू हवेत उडत राहतो. नुसती धूळ फुंकली तर निघते. तंतू आणि धूळ मिळून मात्र पत्र्यांच्या फटीत नमद्यासारखा थर धरतात. समोरून युनिट स्वच्छ दिसतं, मागे श्वास घ्यायला जागा नसते. तुमच्या गल्लीत माग असतील तर वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून भागणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आणि मेच्या मध्यावर पुन्हा एकदा कॉइल धुऊन घ्या.

युनिट गच्चीवर किंवा हाताच्या अंतरावर असेल तर हे घरी करता येतं. एसीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, खाली पाडा, आधी मऊ ब्रशने वरचा थर काढा, मग साध्या नळीने हलक्या धारेने पाणी सोडा. गाडी धुवायचं प्रेशर मशीन नको, त्याने ते पातळ पत्रे वाकतात आणि हवा कायमची अडते. वायरी जिथे जोडलेल्या आहेत त्या बाजूला पाणी नको. आणि युनिट तिसऱ्या मजल्याच्या बाहेर लोखंडी अँगलवर लटकत असेल, तर खिडकीतून वाकून हे करायचं नाही. बेल्ट बांधून काम करणाऱ्या माणसाला बोलवा. हे मी कळकळीने सांगतोय.

दुपारी युनिटवर बोअरचं पाणी मारणारेही पुष्कळ आहेत. त्या वेळेपुरता फरक पडतो, पण बोअरच्या जड पाण्याचे क्षार कॉइलवर बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच थर उष्णता अडवतो. त्यापेक्षा वर सावली करा, हिरवी जाळी दोन-अडीच फूट वर बांधा, पण पुढून-मागून हवा मोकळी ठेवा. दिसायला बरं म्हणून युनिटपुढे लोखंडी जाळीचं कपाट करतात, त्यात फेकलेली गरम हवा पुन्हा मागून आत ओढली जाते. अशा कपाटाची दारं उघडून एक दुपार एसी चालवा. फरक पडला तर कारण सापडलं.

बाहेर कॉम्प्रेसर चालू आहे आणि पंखाच फिरत नाही, असं दिसलं तर एसी ताबडतोब बंद करा. पंख्याची मोटर किंवा तिला फिरायला जोर देणारा भाग, म्हणजे कॅपॅसिटर, गेलेला असतो. तसाच चालवला तर स्वस्त भागासाठी कॉम्प्रेसर जातो. आणि साध्या एसीत दर काही मिनिटांनी "हूं" असा आवाज, मग "टक", मग शांतता, असं चालू असेल तर कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय पण उठत नाहीये. कमजोर कॅपॅसिटर किंवा कमी व्होल्टेज, या दोन्हीतलं एक आधी तपासायचं. कॅपॅसिटर बदलणं किरकोळ काम आहे, पण ते स्वतः करू नका. वीज बंद केल्यावरही त्यात भार उरतो, आणि तो जबर झटका देतो.

व्होल्टेजचा मामला संध्याकाळी सातनंतर दिसतो, गल्लीतले सगळे एसी एकदम लागतात तेव्हा. स्टॅबिलायझर असेल तर त्याच्या डिस्प्लेवर आकडा बघा. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. तो फार खाली गेला की स्टॅबिलायझर एसी तोडतो आणि थोडं थांबून पुन्हा जोडतो. इथली खूण वेगळी आहे, आतला पंखाही बंद पडतो. सगळंच बंद होऊन सगळंच चालू होत असेल तर एसी उघडायच्या आधी पुरवठा बघा. प्लग हाताला गरम लागतोय, सॉकेट पिवळं पडलंय, जळकट वास येतोय, तर सैल जोड आहे. एसी बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा, आजच.

आता दिवसाच्या वेळेशी संबंध नसलेला प्रकार. एसी लावला की तासभर उत्तम गारवा, मग वारा हळूहळू कमी होत जातो, शेवटी नुसती फुंकर. बंद करून दोन-तीन तासांनी लावला की परत उत्तम. बाहेर मात्र सगळं व्यवस्थित चालू. हा बर्फ आहे. आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, हवा अडते, बंद केल्यावर बर्फ वितळतो आणि चक्र परत सुरू होतं. भिंतीवरून पाणी ओघळत असेल तर जवळजवळ खात्रीच.

(फिल्टर काढून दाखवत)

यात पहिला संशय या जाळीवर घ्या. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा, साध्या पाण्याने, आणि सावलीत वाळवा. जाळी स्वच्छ असूनही वारा कमी असेल तर आत जो लांब गोल ब्लोअर फिरतो त्याच्या पात्यांवर मळ साचलेला असतो. टॉर्च मारून बघा, दिसतो. तो काढून धुणं मेकॅनिकचं काम. बर्फ धरलेला दिसला तर खरवडू नका, फॅन मोडवर ठेवा, तो वितळून जाईल.

जाळी स्वच्छ, ब्लोअर स्वच्छ आणि तरीही बर्फ? आता गॅसचा विचार करायचा. इथे मला जरा थांबायचंय, कारण लोकांचे सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दहा वर्षं झाली तरी नळी शाबूत असेल तर गॅस तेवढाच असतो. "दरवर्षी थोडा टॉप-अप लागतोच" हे खरं नाही. कमी झालाय याचा अर्थ गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. गळती बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटच्या जोडात असते, किंवा कॉइलला बारीक भोक पडलेलं असतं. उघड्या गटाराजवळ युनिट असेल तर तिथल्या वायूने तांबं लवकर गंजतं. गॅस कमी असताना एसी अधूनमधून का चालतो, तर परत येणारा गार गॅसच कॉम्प्रेसरच्या मोटरला थंड ठेवत असतो. तो कमी पडला की मोटर तापते, कट होते, निवते, परत चालू होते.

म्हणून मेकॅनिकने गॅस म्हटलं की हे विचारा. गळती कुठे आहे ते दाखवाल का? नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून बुडबुडा दाखवता येतो. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावणार का? नळीतली हवा आणि ओल काढल्याशिवाय गॅस भरायचा नसतो. आणि वजनकाट्यावर भरणार का? बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅममधलं वजन छापलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ असतो, तो पेट घेऊ शकतो, काही कंपन्यांचा आर-२९० तर सहज पेटतो. गॅस नळीत असताना तिथे वेल्डिंगची ज्योत नको. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. आपल्या गावात असे कारागीर आहेत, त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

इन्व्हर्टर एसीत आत वारा आणि बाहेर पंखा-कॉम्प्रेसर दोन्ही बंद असेल तर आतल्या युनिटवरचे अंक किंवा लुकलुकणारे दिवे मोबाईलवर टिपून ठेवा. तो बिघाड सांगणारा एरर कोड असतो आणि वीज बंद केली की पुसला जाऊ शकतो. सेन्सर जागेवरून निसटलाय, आत-बाहेर जोडणारी वायर सैल झालीय, किंवा बाहेरच्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटीवर, पाल-मुंग्या शिरल्यात, अशी कारणं निघतात.

तुमचा कागद तयार झाला की फोनवर एवढंच सांगा: "दुपारी दोननंतर कॉम्प्रेसर बंद पडतो, बाहेरचा पंखा चालू असतो, पाऊण तासाने आपोआप सुरू होतो. तीनला याल का?" हे ऐकल्यावर माणूस योग्य सामान घेऊन येतो.

शेवटचा भाग, एसी ठीक असूनही खोली थंड होत नसेल तर. १८ वर लावा, पंखा जोरात, पंधरा मिनिटांनी साध्या थर्मामीटरने एसीत शिरणारी हवा आणि बाहेर येणारी हवा मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक आला तर एसी आपलं काम करतोय. मग खोली बघा. जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर ऊन अडवायचा. आरसीसीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो, म्हणून वरच्या मजल्यावर रात्री आठला एसी हरल्यासारखा वाटतो. त्यात कोणी त्याच खोलीत कूलरही लावतं. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी ते पाणी काढण्यातच दमतो. दोन्ही एकत्र लावू नका, ओले कपडेही त्या खोलीत वाळत घालू नका. स्लॅबवर चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, आणि तो मार्चमध्येच, सकाळी लवकर, कारण एप्रिल लागला की दहा वाजता गच्चीवर पाय ठेववत नाही.