पाणी आले कुठून?

१६ जुलै २०१३. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला दोन अंतराळवीर कामाला लागले आहेत. एक अमेरिकेचे ख्रिस कॅसिडी आणि दुसरे इटलीचे लुका पार्मितानो. आजचे काम तसे नेहमीचेच आहे. केबल टाकायच्या, जोडण्या करायच्या आणि पुढे येणार असलेल्या रशियन मॉड्यूलची पूर्वतयारी करून ठेवायची. बाहेर पडून ४४ मिनिटे झाली असताना पार्मितानो ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला कळवतात, की डोक्याच्या मागच्या बाजूला पाणी लागते आहे.

अंतराळवीरांकडून काय शिकावे, असा विषय निघाला की स्वप्न, जिद्द आणि धाडस हे शब्द आपोआप तोंडी येतात. ते खोटे नाहीत, पण त्यांतून ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्या दिवशी पार्मितानो यांच्यावर जे गुदरले ते, आणि त्यानंतर नासाने आपल्याच कारभाराची जी कठोर चौकशी केली ती, या दोन्हींत मात्र शिकण्यासारखे बरेच आहे. आणि त्यातला मोठा भाग धाडसाशी संबंधित नाही.

आधी तो पोशाख समजून घ्यायला हवा. स्थानकाबाहेर वापरला जाणारा अमेरिकी अंतराळ पोशाख म्हणजे अंगावर चढवलेले एक छोटे यानच असते. आत शुद्ध ऑक्सिजन असतो आणि त्याचा दाब समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या जेमतेम ३० टक्के ठेवलेला असतो. शरीराची उष्णता बाहेर टाकण्यासाठी अंगालगतच्या कपड्यात सुमारे ९० मीटर लांबीची बारीक नळी शिवलेली असते आणि तिच्यातून सतत थंड पाणी फिरते. पाठीवरच्या पेटीत हवा खेळवणारा पंखा, पाणी फिरवणारा पंप आणि हवेतले बाष्पाचे पाणी वेगळे काढणारा विभाजक, हे तिन्ही एकाच मोटरवर चालतात. श्वासाची हवा हेल्मेटमध्ये येते ती डोक्याच्या मागच्या झरोक्यातून. आता विभाजकाची भोके बुजली, तर ज्या पाण्याने टाकीत परतायचे ते हवेच्या वाटेत शिरते आणि थेट डोक्यामागे येऊन निघते. पृथ्वीवर ते मानेवरून खाली ओघळले असते. तिथे खाली अशी दिशाच नसल्यामुळे पृष्ठताणाच्या जोरावर ते कातडीला आणि केसांना चिकटते, जाड थर धरते आणि हळूहळू पुढे सरकत चेहऱ्यावर येते.

अशा कामासाठी अंतराळवीर कुठे तयार होतात? ह्यूस्टनमध्ये नासाचा एक तरणतलाव आहे. तो ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल असून त्यात सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर पाणी मावते. तळाशी स्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती ठेवलेल्या असतात. पोशाख घातलेल्या प्रशिक्षणार्थीला पाणबुडे वजने आणि फोम लावून असे तोलतात, की तो बुडतही नाही आणि वरही येत नाही. बाहेरच्या एका तासाच्या कामासाठी इथे कितीतरी तास घालवले जातात. कोणत्या दांडीनंतर कोणती दांडी धरायची, दोर कुठे अडकवायचा, कुठल्या अँटेनाला वळसा घालायचा, हे हातांना इतके सवयीचे होते की विचार करण्याची गरज उरू नये. सोबत बिघाडांचा सरावही चालू असतो. केव्हा काय बिघडणार हे प्रशिक्षकांना ठाऊक असते, प्रशिक्षणार्थीला नसते.

तरीही या तलावात एक गोष्ट शिकवता येत नाही. तलावात पोशाखासकट तरंगणाऱ्या माणसाच्या हेल्मेटमध्ये पाणी शिरले, तर ते गुरुत्वाकर्षणामुळे खालीच जाणार. हेल्मेटमध्ये पाणी भरत जाणे हा बिघाड सरावाच्या यादीत नव्हता. म्हणजेच इतक्या वर्षांच्या तयारीनंतर पार्मितानो यांच्यासमोर जे संकट उभे राहिले, त्याची तयारी कुणीच केलेली नव्हती.

हे पार्मितानो कोण? सिसिलीत जन्मलेले, इटलीच्या हवाई दलातील चाचणी वैमानिक. २००५ मध्ये त्यांच्या एएमएक्स विमानाला हवेतच पक्ष्याची जबर धडक बसली होती. तसले मोडके विमान त्यांनी सुखरूप उतरवले आणि त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले. २००९ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने त्यांची निवड केली. ९ जुलै २०१३ रोजी अंतराळात चालणारे ते पहिले इटालियन ठरले. आपण पाहतो आहोत तो त्यांचा दुसराच अंतराळ पदभ्रमणाचा दिवस.

[दृश्य: स्थानकाबाहेरील कॅमेऱ्याचे चित्रण. दोन पांढऱ्या आकृती एकमेकींजवळ येतात.]

पार्मितानो पाण्याविषयी बोलताच कॅसिडी जवळ येऊन हेल्मेटच्या काचेतून पाहतात. पाणी कुठले असावे यावर वर आणि खाली चर्चा सुरू होते. पिण्याच्या पाण्याची पिशवी गळत असेल का? घाम असेल का? पिशवीतले पाणी पिऊन संपवल्यावरही डोक्यामागचे पाणी वाढतच राहते, आणि पार्मितानो यांच्या म्हणण्याप्रमाणे हे पाणी घामाच्या मानाने फारच थंड आहे. पहिल्या सूचनेपासून पदभ्रमण थांबवण्याचा निर्णय होईपर्यंत सुमारे २३ मिनिटे जातात. निर्णयही ताबडतोब धावत सुटण्याचा नसतो, नीट आवरून परतण्याचा असतो. दोघांचे सुरक्षा दोर वेगवेगळ्या वाटांनी टाकलेले असल्यामुळे दोघांना परतावेही वेगवेगळ्या वाटांनी लागते. पार्मितानो एकटे निघतात.

वाटेत एका अँटेनाला वळसा घालण्यासाठी त्यांना शरीर उलटे फिरवावे लागते. नेमक्या त्याच वेळी स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरते. दर ९० मिनिटांनी एक प्रदक्षिणा घालणाऱ्या स्थानकावर सूर्यास्त काही क्षणांत उरकतो. काळोख होतो आणि त्याच हालचालीने पाणी डोळ्यांवर व नाकावर पसरते. डोके झटकून काही उपयोग होत नाही, आणि हेल्मेट घातलेल्या माणसाचा हात स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. कानातही पाणी गेल्यामुळे ह्यूस्टनचे शब्द अस्पष्ट येतात आणि त्यांचा आवाज तिकडे नीट पोहोचत नाही. पुढच्या श्वासाबरोबर तोंडात हवा येईल की पाणी, याची खात्री उरलेली नाही.

त्यांनी काय केले ते त्यांनी नंतर स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांना कमरेचा सुरक्षा दोर आठवला. हा दोर चकरीवर गुंडाळला जातो आणि ती चकरी माणसाला एअरलॉककडे, म्हणजे स्थानकात आत-बाहेर करण्याच्या बंदिस्त खोलीकडे, हलकेच ओढत राहते. ही ओढ दीड किलोच्या आसपासची, म्हणजे फारशी नाही. दिसत नसले तरी दोर कोणत्या बाजूला ओढतो आहे हे जाणवत होते. त्या ओढीच्या दिशेने, एकेक दांडी चाचपडत, ते एअरलॉकपर्यंत आले. दुसरा एक उपायही त्यांनी मनात तयार ठेवला होता. हेल्मेटमध्ये डाव्या कानाजवळ एक झडप असते. ती उघडली तर आतली हवा थोडी बाहेर जाईल आणि तिच्याबरोबर काही पाणीही. पण निर्वातात उभे राहून स्वतःच्या पोशाखाला आपल्या हाताने भोक पाडण्यासारखेच ते होते, म्हणून तो उपाय अगदी शेवटचा.

इथे थोडे थांबायला हवे. घाबरायचे नाही, असा उपदेश कुणालाही करता येतो. पार्मितानो यांनी केलेली गोष्ट अधिक नेमकी होती. त्यांनी हाताशी असलेले उपाय किमतीच्या क्रमाने लावले आणि सर्वांत स्वस्त उपाय आधी वापरला. महागडा उपाय नाकारला नाही, पण त्याला हातही लावला नाही. पुढची दांडी सापडेपर्यंत पुढच्या दांडीपलीकडचा विचार केला नाही. तलावात हातांना मिळालेले वळण नेमके इथे कामी आले: सराव झाला होता तो भलत्याच बिघाडांचा, पण वाट मात्र पाठ झाली होती.

एअरलॉकचे दार बंद झाल्यावरही आत हवेचा दाब भरेपर्यंत थांबणे भाग होते. बोलणे अशक्य झाल्याने कॅसिडी यांनी त्यांचा हात दाबला, आणि ठीक आहे असे सांगण्यासाठी पार्मितानो यांनी उलट हात दाबला. आत अमेरिकी अंतराळवीर कॅरन नायबर्ग आणि रशियन सहकारी टॉवेल घेऊन तयारच होते. हेल्मेट काढले तेव्हा त्यात सुमारे दीड लिटर पाणी होते. बुडून मरण्यासाठी त्याहून कितीतरी कमी पाणी पुरते.

आता एक आठवडा मागे जाऊ या, कारण या प्रसंगाचा खरा धडा तिथे आहे.

९ जुलैच्या पदभ्रमणानंतर याच पोशाखाच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडले होते. थोडेथोडके नव्हे, अर्धा ते एक लिटर. वर आणि खाली मिळून एक निष्कर्ष काढला गेला: वाकताना छातीचा दाब पडून पिण्याची पिशवी गळली असणार. पिशवी बदलली गेली आणि पुढच्या पदभ्रमणाची तयारी सुरू झाली. ह्यूस्टनमधल्या त्या खोलीत जगातले उत्तमोत्तम अभियंते होते आणि त्यांतले कुणीही आळशी नव्हते. त्यांना फक्त एक सोयीचे उत्तर मिळाले होते, आणि ते उत्तर इतके ओळखीचे होते की पिशवी खरोखर गळते का हे तपासण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

नासाच्या चौकशी मंडळाचा अहवाल फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विभाजकाची बारीक भोके सिलिकासारख्या असेंद्रिय पदार्थाने बुजली होती, हे यांत्रिक कारण त्यात आहेच. पण मंडळ तिथे थांबले नाही. हेल्मेटमध्ये थोडेसे पाणी येणे हे पूर्वी इतक्या वेळा घडले होते, की ते नेहमीचेच मानले जाऊ लागले होते, असे अहवाल सांगतो. शिवाय एखाद्या गोष्टीची रीतसर बिघाड म्हणून नोंद केली, की तपासाचे लांबलचक काम मागे लागते अशी समजूत असल्यामुळे अशी नोंद करायला लोक कचरत होते. पहिल्याच पाण्याचा छडा लावला असता, तर दुसरे पदभ्रमण झालेच नसते.

फाईल उघडली तर काम वाढेल म्हणून ती न उघडणे, हे आपल्याकडच्या कुठल्या कचेरीला नवीन आहे? फरक एवढाच, की नासाने ते स्वतःच्या नावानिशी छापून सर्वांसमोर ठेवले. आपल्याकडे अपघातानंतर बहुधा एका माणसाचे नाव शोधले जाते, तो निलंबित होतो आणि सवय जिथल्या तिथे राहते.

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांचे उड्डाण लांबले, तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला होता. रॉकेटच्या तपासणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली होती, आणि ती दुरुस्त करण्यासाठी ११ जूनचा मुहूर्त सोडून देण्यात आला. पुढे स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीचाही अंदाज घेतला गेला आणि यान अखेर २५ जून रोजी झेपावले. टीव्हीसमोर बसलेल्यांना रखडपट्टी वाटलेले ते दोन आठवडे पार्मितानो यांना खचितच तसे वाटले नसते.

२०१३ मधल्या त्या प्रसंगानंतर पोशाखात दोन साध्या गोष्टी आल्या. डोक्यामागे पाणी शोषणारी एक गादी बसवण्यात आली. अंतराळवीराने अधूनमधून डोके मागे टेकवून ती ओली लागते का ते पाहायचे. दुसरी गोष्ट म्हणजे तोंडाजवळून पोशाखाच्या धडापर्यंत जाणारी एक नळी. हेल्मेट पाण्याने भरलेच, तर खालची हवा तिच्यातून ओढून घ्यायची. अब्जावधी डॉलरच्या कार्यक्रमात हा उपाय म्हणजे जुगाडच म्हणायचा. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शीतकरणाचा पंप बदलण्यासाठी बाहेर गेलेल्या दोघांच्या पोशाखांत ही नळी होती.

पार्मितानो यांनी काम सोडले नाही. २०१५ मध्ये फ्लोरिडाजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या ॲक्वेरियस प्रयोगशाळेत १४ दिवसांच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. पाण्यात बुडता बुडता वाचलेल्या माणसाने पाण्याखालीच राहायला जावे, यातली गंमत त्यांनाही जाणवली असेल. २०१९ मध्ये ते स्थानकाचे प्रमुख झाले आणि एएमएस या कणशोधक उपकरणाची शीतकरण यंत्रणा दुरुस्त करण्यासाठी चार वेळा बाहेर पडले. अंतराळात दुरुस्तीसाठी बनवलेलेच नसलेल्या त्या उपकरणाच्या नळ्या कापून त्यांना नव्याने जोडायच्या होत्या. जानेवारी २०२० मधल्या शेवटच्या फेरीत आठ जोडांपैकी एक गळताना आढळला. तो पुन्हा आवळून, पुन्हा तपासूनच काम संपवण्यात आले.

पोशाखांतले पाणी मात्र संपले नाही. मार्च २०२२ मध्ये जर्मन अंतराळवीर मथियास माउरर यांच्या हेल्मेटमध्ये पदभ्रमणाच्या अखेरीस पुन्हा पाणी दिसले, आणि नासाने तातडीची नसलेली पदभ्रमणे कित्येक महिने थांबवली. २४ जून २०२४ रोजी ट्रेसी डायसन आणि माइक बॅरट एअरलॉकचे दार उघडून बाहेर निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात डायसन यांच्या पोशाखाला स्थानकाशी जोडणाऱ्या नळीतून पाणी गळू लागले. या वेळी पिशवीची चर्चा झाली नाही. ३१ मिनिटांत दार बंद करून पदभ्रमण रद्द करण्यात आले. त्या दिवशीच्या यादीत एक बिघडलेला रेडिओ संच काढून आणण्याचे काम होते. ते सात महिने पडून राहिले आणि ३० जानेवारी २०२५ रोजी सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर यांनी पूर्ण केले.