कॅन्ससच्या माळावर कायोटीचा सापळा लावायला शिकताना

दृश्य – ड्रोन. पिवळं पडलेलं गवत, मातीचा रस्ता, एक पांढरी पिकअप

हे कॅन्सस, अमेरिकेच्या साधारण मधोमध. या पट्ट्याला फ्लिंट हिल्स म्हणतात, हिल्स म्हटलं तरी सह्याद्री बघितलेल्या माणसाला हसू येईल एवढेच उंचवटे. खाली चुनखडी आणि तिच्यात फ्लिंट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड, त्यामुळे इथे नांगर चालला नाही आणि नांगर चालला नाही म्हणून गवत वाचलं. उत्तर अमेरिकेत उंच गवताचा जो प्रचंड माळ होता त्यातला आता चार टक्क्यांहून कमी शिल्लक आहे आणि त्यातला मोठा हिस्सा तुम्हाला हा खाली दिसतोय. गुरं भरपूर, मेंढ्या त्यामानाने कमी. पण ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत त्यांना एकदा विचारा रात्री झोप लागते का.

दृश्य – कोकरू, गळ्याचा क्लोजअप. बघवणार नसेल तर दहा-पंधरा सेकंद पुढे जा

मागचे पाय बघा, काही झालेलं नाही. जखम सगळी गळ्याला, जबड्याच्या जरा खाली, दाताची भोकं. मोकाट कुत्रा असता तर मागून, मांडीला, कुठेही ओरबाडलं असतं. कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला इथला प्राणी, गळा धरतो आणि श्वास बंद होईपर्यंत सोडत नाही. आता हे आजोबा काय करतायत बघा, चाकूने मानेची कातडी सोलून आतली बाजू बघतायत. आत रक्त साकळलंय, म्हणजे चावा बसला तेव्हा कोकरू जिवंत होतं. आत कोरडं निघालं असतं तर ते आधीच मेलेलं आणि कायोटी नुसता जेवायला आला होता, आणि मग सापळा कशाला लावायचा? आजोबांचा हा पहिला धडा. आधी गुन्हा झालाय का बघ, झाला असेल तर कोणी केलाय ते बघ, मग बाकीचं.

शिकणारी ही, टोपीवाली. कॉलेज संपवून घरी परत आलेली, वडिलांच्या मेंढ्या आता हीच बघते. आजोबा शेजारचे, शेजारचे म्हणजे मधे दोन-तीन मैल माळ आहे.

दृश्य – जुने कृष्णधवल फोटो

थोडं मागे जाऊ कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा बराच लहान प्राणी, वजन साधारण दहा ते पंधरा किलो, पूर्वेकडचे अजून भारी. मूळचा या माळांवरचा आणि पश्चिमेकडचा. 1823 साली थॉमस से नावाच्या निसर्ग अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, कॅनिस लॅट्रान्स. त्यानंतर शंभर वर्षांत अमेरिकेने लांडगा जवळजवळ संपवला आणि रिकाम्या झालेल्या जागेत हे महाशय पसरत पसरत थेट न्यूयॉर्कपर्यंत गेले आणि तिकडे खाली पनामापर्यंत पोचलेत. त्यांनाही संपवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. 1931 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून सरकारी पैशाने हिंस्र प्राणी मारायची सोय केली, मग नवी विषं आली, त्यातलं 1080 नावाचं विष तर असं की मेलेला प्राणी खाणाराही मरायचा, गरुडापासून सगळे. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनने सरकारी जमिनीवर ही विषं बंद केली. आजही केंद्राचं वाइल्डलाइफ सर्व्हिसेस खातं वर्षाला पन्नास हजारांच्या वर कायोटी मारतं, त्यातले कितीतरी विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून.

कॅन्ससने मात्र बरीच दशकं वेगळी वाट धरली आणि मला विचाराल तर शहाणी वाट धरली. सरकारी शिकारी पाठवायचा नाही, शेतकऱ्यालाच शिकवायचं. आपल्याकडे कृषी विद्यापीठाचा विस्तार विभाग असतो ना तसं कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचं एक्स्टेन्शन खातं, त्यांचा माणूस यायचा, शेतकऱ्याबरोबर माळ फिरायचा, सापळा कसा लावायचा दाखवायचा आणि निघून जायचा. ज्या कायोटीला मेंढीची चटक लागलीय तेवढाच पकडायचा, माळावरचे सगळे मारत सुटायचं नाही, असा त्यामागचा विचार. आजोबा त्यातूनच शिकलेत. आता ते हिला शिकवतायत.

दृश्य – गॅरेज. ड्रममध्ये उकळतं काळं पाणी

हा भाग मला स्वतःला जाम आवडला म्हणून जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

नवा सापळा दुकानातून येतो तेव्हा त्याला कारखान्याचं तेल असतं. ते साबणाच्या पाण्यात उकळून काढायचं, मग बाहेर टांगून ठेवायचा, हलका गंज चढू द्यायचा. गंज मुद्दाम, कारण गुळगुळीत लोखंडाला रंग धरत नाही. मग हे काळं पाणी, लॉगवूड नावाच्या लाकडाचा अर्क, त्यात पुन्हा उकळायचं. बाहेर काढला की चकाकी गेलेली. शेवटी वितळलेल्या मेणात बुडवायचा, त्याने गंज थांबतो आणि जबडे झटकन मिटतात. हे मेणाचं काम उघड्या आगीवर आणि एकट्याने करू नका, भडकलं तर गॅरेज जाईल.

सापळ्याची रचना बघा. दोन जबडे, उघडले की साधारण साडेपाच इंच, खाली स्प्रिंगा, मधे ही गोल पट्टी, हिला पॅन म्हणतात. पाय पॅनवर पडला की खिट्टी सुटते. हा स्क्रू दिसतोय ना, त्याने पॅन किती दाबल्यावर सुटेल ते ठरतं. ही दीड किलोच्या आसपास ठेवते, म्हणजे खार, ससा, पक्षी वरून गेला तरी काही होत नाही. आणि आता जबडे मिटलेले बघा, पूर्ण मिटत नाहीत, मधे फट ठेवलीय, कडा जाड आणि गोल केल्यात. साखळीला ठिकठिकाणी फिरकी, मधे एक शॉक स्प्रिंग. पाय धरून ठेवायचा, मोडायचा नाही यासाठी ही सगळी खटपट. पिक्चरमध्ये दाखवतात ते दातेरी जबडे इथे कोणी वापरत नाही. 1990 च्या दशकात युरोपने पाय धरणाऱ्या सगळ्याच सापळ्यांवर बंदी आणली आणि त्यांनी पकडलेल्या प्राण्यांची फर घेणार नाही म्हणाले, तेव्हा अमेरिकेतल्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी मिळून एकेक सापळा तपासायला घेतला, कुठल्याने किती इजा होते ते, त्यातून हे डिझाइन पुढे आलं.

जाता जाता एक गंमत. 19व्या शतकात हे सापळे सगळ्यात जास्त कोण बनवायचं, तर न्यूयॉर्क राज्यातलं ओनायडा नावाचं एक धार्मिक कम्यून, ज्यात सगळी मालमत्ता सामायिक होती. सुअल न्यूहाऊस म्हणून त्यांचा एक लोहार होता, सापळा त्याचा. पुढे कम्यून मोडलं, त्याची कंपनी झाली आणि कंपनी काटे-चमचे करायला लागली, ओनायडाचे चमचे अजून अमेरिकन घरांमध्ये असतात.

दृश्य – पहाट, दोघं चालतायत, खाली बघत

आता जागा. नवशिके सगळे इथेच मार खातात म्हणे, सापळा भारी घेतात आणि लावतात जिथे पिकअप उभी करायला सोपं तिथे. आजोबा हिला सकाळभर एकही सापळा लावू देत नाहीत. नुसतं चाल. कुंपणाचा कोपरा, तळ्याचा बांध, गुरांच्या फाटकाजवळची मऊ माती. हा ठसा बघा, लांबट, बोटं जवळ जवळ, पुढची दोन नखं तेवढी उमटलीत. कुत्र्याचा ठसा फेंगडा असतो, नखं सगळीकडे. शिवाय कुत्रा इकडेतिकडे हुंगत भटकतो आणि कायोटी कामावर निघाल्यासारखा सरळ रेषेत जातो. पुढे ही विष्ठा, केस आणि बिया दिसतायत. दोन वाटा जिथे एकमेकीला मिळतात तिथे विष्ठा जास्त सापडते, आणि सापळाही तिथेच.

आणि वारा. थंडीत इथे वारा बहुतेक वायव्येकडून येतो. कायोटी नाकाने चालतो, त्यामुळे वास वाटेवर वाहत आला पाहिजे आणि तो वाऱ्याला तोंड करून आमिषाशी यायला हवा. ही चिमूटभर सुकं गवत हवेत सोडतेय ते त्यासाठी.

दृश्य – हातांचा क्लोजअप, खुरपं, चाळणी

कट न करता ठेवलंय, बघा. गवताच्या झुबक्याच्या पायथ्याशी तिरकं भोक, उंदराच्या बिळाएवढं रुंद आणि वीतभर खोल. कोणीतरी इथे खायला पुरून ठेवलंय असं वाटलं पाहिजे. त्याच्या पुढे आठ-नऊ इंचांवर, जरासं एका बाजूला सरकवून, सापळ्यासाठी खळगा. बाजूला का, तर कायोटीचे पुढचे पाय नाकाच्या रेषेत नसतात, थोडे आजूबाजूला पडतात. आता खुंटा. हा आवाज ऐका, ठण्ण. फ्लिंट. खुंटा आत जाईना म्हणून दुसरीकडे, तिथेही ठण्ण. म्हणून सळईऐवजी वायरचा अँकर, तो खाली जाऊन आडवा होतो आणि मग बैलाने ओढला तरी निघत नाही.

सापळा खळग्यात बसवला, वर चारही बाजूंनी माती ठोकली. आता आजोबा बोटाने एकेक जबडा दाबतायत. हलला. काढ. पुन्हा. हलला. काढ. हे असं बराच वेळ चाललं, निम्मं कापलंय मी. का एवढं, तर पाय पडायच्या आधी कायोटी पंजाने चाचपतो, खाली काही डुगडुगलं तर तिथून बाजूला होतो, नाहीतर उकरून सापळा उलटा करून ठेवतो आणि वर विष्ठा टाकून जातो, म्हणजे वाचल्याची पावतीच. पॅनखाली माती जाऊ नये म्हणून त्यावर मेणकागद, मग चाळणीने सुकी माती, अर्धा इंच, जास्त नको. गुडघे टेकायला कापडाचा तुकडा, हातमोजे वेगळे. भोकात चमचाभर आंबवलेलं मांस, वर गवताचा बोळा, आणि मागच्या गवतावर कायोटीचं मूत, दोन फवारे. कॅमेरामनने तोंड फिरवलंय ते त्यामुळे.

साखळीला पत्र्याचा टॅग, त्यावर मालकाचं नाव आणि पत्ता. कॅन्ससमध्ये कायदा आहे. सापळा रोज एकदा तरी जाऊन बघायचा हाही कायदा, आणि 1 जुलै 1966 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी कोर्स पास व्हावा लागतो. सगळ्या राज्यांत चालतं असंही नाही, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया यांनी मोठ्या प्रमाणात बंदी घातलीय. आणि हो, आपल्याकडे कुणी ट्राय करायला जाऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं म्हणजेच शिकार, तिथे विषय संपतो. नगर-सोलापूरकडे धनगरांच्या कळपात लांडगा येतो तेव्हा जाळी, कुत्री आणि रात्रभर जागं राहणं हेच असतं. इथेही कुत्रा आहे बरं का, तो पांढरा केसाळ ग्रेट पिरेनीज मेंढ्यांबरोबर झोपतो, दिवसा एक गाढवही असतं. दोघांनी बरंच निभावलंय, सगळं नाही.

दृश्य – दव पडलेला माळ, सूर्य वर येतोय, दुरून आकृती

सापडलाय. नर, मोठा. आजूबाजूचं गवत गोल खणून काढलंय. .22 बंदुकीची एक गोळी. ते कॅमेऱ्यात घेतलंय पण व्हिडिओत ठेवलेलं नाही.

एवढ्याने कायोटी कमी होतात का? तर नाही, मोकळ्या जागेत दुसरा येतो आणि खूप मारले तर उरलेल्या माद्यांना पिल्लं जास्त होतात, 1975 च्या एका कॉम्प्युटर मॉडेलचा हिशोब असा की दरवर्षी पाऊण टक्का नाही, पाऊण भाग, म्हणजे पंचाहत्तर टक्के मारत राहिलं तरी संपायला पन्नास वर्षं लागतील. सापळ्यात कधी बॅजर, म्हणजे बिळं उकरणारा एक ठेंगणा प्राणी, येतो, कधी कुणाचा कुत्रा, तेव्हा गळ्यात फास टाकायच्या काठीने धरून सोडतात. तर पुढे.

दृश्य – पुन्हा तीच जागा, ती गुडघ्यावर

एकट्याने करतेय यावेळी, आजोबा पिकअपमध्ये कॉफी पितायत. जागा तीच, कारण उकरलेल्या मातीला आता खऱ्या कायोटीचा वास आहे, विकतच्या बाटलीपेक्षा भारी. सापळा धुवून-पुसून परत बसवला, जबडा दाबला, हलला नाही. उठून मागे गेली, परत आली, पुन्हा दाबला. यावेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कातडी काढून फळीवर ताणलीय, ती शेडमध्ये, पण तिथे उजेड नव्हता म्हणून दोनच शॉट आहेत. थंडीच्या जॅकेटच्या कॉलरला कायोटीची फर लावायची फॅशन जोरात होती तेव्हा पश्चिमेकडच्या फिक्या, दाट कातडीला शंभर डॉलरच्या आसपास मिळायचे. 2021 मध्ये कॅनडा गूस या जॅकेटवाल्या कंपनीने फर बंद करतोय म्हणून जाहीर केलं, भाव त्याच्या आधीच गडगडायला लागले होते, आता पिकअपचं डिझेल सुटलं तरी पुष्कळ. ही विकणारही नाहीये, तिला फक्त कोकरं मोजायची आहेत.

शनिवारपासून बटेराची शिकार करणारे लोक कुत्रे घेऊन या बाजूला येतात, म्हणून तळ्याच्या बांधावरचे सापळे तिने काढून घेतले. फाटकाजवळचा एक राहिलाय. तो रोज उजाडायच्या आत बघायचा, थर्मामीटर काहीही सांगो. फेब्रुवारीत मेंढ्या व्यायला लागतील.