गवताखालची वस्ती

[दृश्य : पुण्यातील एका बंगल्याचे आवार, आषाढातील सकाळ]

बंगल्यासमोरची ही हिरवळ दुरून निर्दोष दिसते. जवळ गेल्यावर मात्र हरळीच्या बारीक पात्यांमधून चार बोटे उंच, अधिक चकचकीत आणि किंचित पिवळसर पाती वर आलेली दिसतात. त्यांतली तुऱ्याची एक काडी चिमटीत धरून फिरवली, की तिच्या तीन कडा बोटांना जाणवतात. हरळीची काडी गोल असते, ही तिधारी आहे. म्हणजे हे गवत नसून लव्हाळा आहे. दर आठवड्याला यंत्र फिरवूनही तो तीन-चार दिवसांत सगळ्यांच्या वर निघतो, कारण यंत्राने कापले जाते ते केवळ पान.

[दृश्य : खुरपे, ओली माती, गोणपाटावर मांडलेल्या गाठी]

खुरपणीला आलेल्या मावशी पाते उपटत नाहीत. त्या त्याच्या बाजूने वीतभर खोल खुरपे घालतात, माती सैल करतात आणि पात्याखालच्या तारेसारख्या मुळाचा माग बोटांनी काढत जातात. पहिली गाठ हाती लागते, तिच्या पुढे दुसरी, तिच्या पुढे तिसरी. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात आणि तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. जोवर ही साखळी अखंड असते, तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. घाईने ओढल्यास किंवा कुदळीने तोडल्यास साखळी तुटते आणि निजलेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. त्यामुळे हिरवळीतला लव्हाळा घालवण्यासाठी केलेली जोमदार खणणी पुष्कळदा त्याची लागवडच ठरते. वैद्य या गाठींना मुस्ता म्हणतात आणि ज्वरावरच्या काढ्यात घालतात. या अंगणात मात्र तिची एवढी गरज कुणालाच नाही.

या गाठी येथे आल्या त्या बहुधा बाहेरून आणलेल्या तांबड्या मातीतून. माती पसरण्यापूर्वी ओली करून दोन-तीन आठवडे ढिगातच ठेवली असती, तर कोंब ढिगावरच दिसले असते. आता एकच उपाय उरतो : पाने वाढून नव्या गाठी धरण्याआधी पुन्हा खुरपायचे आणि काढलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात न टाकता पत्र्यावर उन्हात कडकडीत वाळवायच्या. प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते भोसकून वर येतो.

[दृश्य : वळवाच्या पावसानंतरची संध्याकाळ, कुंपणाजवळचा कडुनिंब]

हे चित्रण त्याआधीचे, मे महिन्यातले आहे. वळवाची पहिली दमदार सर पडून गेल्यावर अंधार होताच जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघाले आणि कडुनिंबावर जमा झाले. ते रात्रभर पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. गवताची मुळे कुरतडणारी हुमणी ही याच भुंगेऱ्यांची अळी. तिची वर्षातून एकच पिढी होते, म्हणून तिच्या बंदोबस्ताची खरी वेळ याच काही रात्रींची असते. फांदी हलवायची, खाली पसरलेल्या चादरीवर पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे. घरच्या बागेला एवढे पुरते.

[दृश्य : भाद्रपद, हिरवळीचा तुकडा चटईसारखा उचलला जातो]

ज्यांनी त्या रात्री गमावल्या, त्यांच्या अंगणात भाद्रपदात हे दिसते. पिवळा पडलेला तुकडा हाताने उचलला, तर मुळे कुरतडलेली असल्यामुळे तो चटईसारखा सुटून येतो आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या असतात. साळुंक्या त्यांच्यावर तुटून पडतात. त्यांना तासभर हाकलू नये. शेणखतात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी मात्र हुमणी नसते. सपाट फरशीवर ठेवल्यावर जी पाठीवर उताणी सरकत जाते, ती फूलभुंगेऱ्याची अळी असून कुजका पालापाचोळा खाणारी आहे; तिला परत खतात सोडावे. मुळे खाणारी हुमणी मातीत राहिलीच, तर पूर्ण कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळून ओल्या जमिनीत द्यावी.

[दृश्य : हातभर खोल खड्डा, त्यात साचलेले पाणी]

या खड्ड्यात सकाळी ओतलेले पाणी दुपारपर्यंत जिरलेले नाही. तांबड्या मातीच्या पातळ थराखाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गाळ आणि दाबून बसलेली काळी माती आहे. अशा दलदलीत हरळीची मुळे गुदमरतात आणि लव्हाळ्याचे फावते. राडारोडा काढून, पहारीने थर फोडून, चाळलेले कंपोस्ट मिसळल्याशिवाय वरची खुरपणी दरवर्षी करावी लागेल.

तणनाशकाबद्दल एवढेच, की ग्लायफोसेट लव्हाळ्याबरोबर हरळीही मारते आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. खुरपणीची हजेरी बाटलीपेक्षा महाग पडते, हेही खरे.

[दृश्य : आश्विन, तेच आवार]

तिसऱ्या फेरीत मावशींचे एक घमेलेही भरले नाही. कुंपणालगतचा पट्टा अजून राहिला आहे.