मोजलं तेव्हा दिसलं

(दृश्य: भर पावसाळा. पर्लकोटा दुथडी भरून वाहते आहे, पूल पाण्याखाली.)

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड उरलेल्या जिल्ह्यापासून तुटतं. अशा दिवसांत आडगावात एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या, तर खाटेची कावड करायची, बांबू खांद्यावर घ्यायचा आणि चिखल तुडवत निघायचं. दवाखाना किती लांब, हे इथं किलोमीटरवर ठरत नाही, मधल्या नाल्याला किती पाणी आहे त्यावर ठरतं.

आता एक आकडा पाहा. २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावली. देशाचा आकडा २८. म्हणजे आपलं राज्य पुष्कळ पुढं आहे. पण ही सरासरी आहे. तिच्यात पुण्यातल्या मोठ्या इस्पितळात जन्मलेलं बाळ आहे आणि पुरापलीकडच्या झोपडीतलंही. एकाचं सुख दुसऱ्याचं दुःख झाकून टाकतं, आणि कागदावर सगळं ठीक दिसतं.

हे झाकण उचलायचं कसं? घरोघरी जाऊन, विचारून, मोजून. विदर्भाच्या या टोकाला ते काम झालं, म्हणून आज आपण त्याबद्दल बोलू शकतो.

(दृश्य: धानाची बांधी, रोवणी करणाऱ्या बाया.)

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन इथं आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पहिला मोठा अभ्यास बायांच्या दुखण्यांचा होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी झाली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले. यापूर्वी कधी तरी तशी तपासणी झाली होती अशा बाया होत्या फक्त ८ टक्के.

अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, पाळीत अंगावरून फार जातं. हे बायकांनी सोसायचंच असतं, असं धरून या बाया रोवणी करत होत्या, मोहफुलं वेचत होत्या, लेकरं वाढवत होत्या. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढंच धरलं जात होतं. तिला विचारलंच नव्हतं, म्हणून तिचं दुखणं नव्हतं!

(दृश्य: मातीचं घर. दाराशी अंधार, आत बाळंतीण.)

मग वळू या त्या अंधाऱ्या खोलीकडे.

नव्वदीच्या दशकात या भागातली ९५ टक्के बाळंतपणं घरीच होत होती. दाई यायची, नाळ कापली जायची, बाळ-बाळंतीण खोलीत राहायची. त्या खोलीत पुढचे २८ दिवस काय घडतं, हे कुठल्याच दवाखान्याच्या रजिस्टरला माहीत नव्हतं. लेकरू दूध ओढेनासं व्हायचं, अंग थंड पडायचं, आणि एका पहाटे संपायचं. देवानं दिलं, देवानं नेलं. कित्येकदा जन्माचीही नोंद नाही आणि मृत्यूचीही नाही.

१९९५ साली ‘सर्च’च्या कामासाठी ३९ गावांत त्या त्या गावातलीच एकेक स्त्री निवडली गेली. शिक्षण पाचवी ते दहावी. बाळ जन्मताना हजर राहायचं आणि नंतर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन ते पाहायचं, वजन करायचं, ताप मोजायचा, सगळं लिहायचं. पहिल्या वर्षी या सगळ्या जणींनी मिळून ७६३ बाळं पाहिली. त्यातल्या ५४ टक्के बाळांना औषधोपचाराची गरज होती. तो मिळाला ३ टक्क्यांहूनही कमी बाळांना.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आरोग्यातली विषमता म्हणतात ती या दोन आकड्यांमधली जागा आहे. तिथं गरिबी आहे, न आलेली गाडी आहे, नवजात बाळाला बाहेर काढू नये ही समजूत आहे, आणि दवाखान्यात गेलं तरी आपलं कोण ऐकणार, ही भीतीही आहे.

बाळ दवाखान्यात पोचत नसेल, तर दवाखाना बाळापाशी न्यायचा, असं ठरलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं गावातल्या या बायांना शिकवलं गेलं. डॉक्टरी वर्तुळात अनेकांना हे धाडस वाटलं. इंजेक्शनची सुई पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात?

याच्या आधी न्यूमोनियासाठी एक साधं यंत्र इथंच घडलं होतं. गावात न्यूमोनियाला ‘डबा’ म्हणतात, लेकराला डबा झाला. श्वास मिनिटाला किती, यावरून तो ओळखता येतो. पण अक्षरओळख नसलेल्या दाईनं साठपर्यंत मोजायचं कसं? म्हणून एका चौकटीत मणी ओवले, शेजारी मिनिटभराची वाळूची घडी ठेवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर औषध द्यायचं. आम्हाला या सगळ्या कामात ही वस्तू सर्वांत मोलाची वाटते. दाईला बदलायला न लावता मोजणंच तिच्या हातात बसेल असं केलं गेलं.

तीन वर्षांनी हिशेब झाला. या ३९ गावांत आधी दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. तो आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. माती तीच, पाऊस तोच, तांदूळही तोच.

(दृश्य: पूर्णेच्या काठचं गाव. टँकरभोवती घागरींची रांग.)

विदर्भातच पश्चिमेला जा, दुखणं बदलतं. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारं. यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारणी करणारे मजूर विषबाधेनं गेले. जिल्ह्याच्या सरासरीत ना हे पाणी दिसतं, ना पाठीवरचा पंप. त्यासाठी पुन्हा कुणाला तरी उंबऱ्यापर्यंत जावं लागतं.

(दृश्य: सकाळ. आशाताई गावातून चालत निघाल्या आहेत.)

२०११ साली नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत देशभरात आशाताईंच्या कामात आली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. जिच्या नोंदींवर राज्याचं आरोग्य ठरतं, तिच्या श्रमाला ही किंमत फार कमी आहे, असं आम्ही इथं स्पष्ट म्हणतो.

आज तिसरा दिवस. आशाताई ओट्यावर पिशवी ठेवतात, साबणानं हात धुतात. काखेत थर्मामीटर. मग बाळाला कापडाच्या झोळीत ठेवून काटा वर उचलतात. झोळी हलते, म्हणून थांबतात.

दोन किलो तीनशे.

आजी विचारते, “बरं हाय ना लेकरू?”

“बरं हाय, आजी. दूध पाजत राहा. मी सातव्या दिवशी येते.”